कंदील, कडबा आणि मागच्या अंगणातली लग्नं

मांडव सोडला की दर ठिकाणाहून काही ना काही आमच्या सामानात येतंच. कोणाचा झारा, कोणाची चप्पल, एकदा तर नवरदेवाच्या मामाचा चष्मा आला होता. ते सगळं आम्ही दुसऱ्या दिवशी फोन करून परत देतो. किस्से मात्र कोणी मागायला येत नाही, म्हणून ते आमच्याकडेच साठत जातात. चहाला बसलो की एक निघतो, त्याच्या मागे दुसरा.

मी अमरावतीत लग्नाचं डेकोरेशन करते. आधी शाळेत ड्रॉइंग शिकवायची. माझ्यासोबत दोघं आहेत. सलीमभाई बांबू आणि मंडपाचं काम बघतात, त्यांच्या वडिलांपासून हाच धंदा. लताबाईंकडे फुलं. राजापेठेत त्यांचं फुलांचं दुकान आहे आणि तोंडाला कुलूप नाही.

हल्ली पोरापोरींना हॉल नको असतो. घरामागच्या अंगणात, गोठ्याजवळ, विहिरीपाशी लग्न पाहिजे. 'रस्टिक' पाहिजे! हा शब्द सलीमभाईंच्या तोंडात अजून बसला नाही. ते 'रस्टी' म्हणतात. म्हणजे गंजलेलं. "मॅडम, अकोल्याचं ते रस्टीवालं काम कधी हाये?"

*

पहिलंच रस्टिक काम बडनेऱ्याच्या पुढच्या एका गावात मिळालं. मुलगी पुण्यात नोकरीला. तिनं मोबाइलवर पन्नास फोटो दाखवले. जुनी बैलबंडी, कडब्याच्या पेंढ्या, सारवलेलं अंगण, दगडी विहीर. मी महिनाभर आधी जागा पाहून आले तर हे सगळं तिच्या घरामागे होतंच! मी म्हटलं, "आपल्याला फक्त फुलं लावायची आहेत."

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही सामान घेऊन पोचलो. अंगणात हिरवं प्लास्टिकचं मॅट. कडबा गायब. विहिरीला चांदीसारखा रंग. आणि बंडी पोपटी! तिची चाकं गुलाबी!

मुलीचे वडील कमरेवर हात ठेवून उभे. "कसं वाटते मॅडम? आठ दिस खपलो."

मुलगी मागून आली. बंडी पाहून तिचे डोळेच भरले. "बाबा, मला जसं होतं तसंच पाहिजे होतं."

"जसं होतं तसं?" वडिलांचा चेहरा एकदम उतरला. "काहून वो माय? तुह्या लग्नात पाव्हण्यायले मी उकिरडा दाखवू?"

दोघंही बरोबर होते. अशा वेळी डेकोरेशनवालीनं काय बोलावं?  सलीमभाईंनी मॅट गुंडाळलं आणि आम्ही शेजारच्या घरी कडबा मागायला गेलो.

शेजारी म्हणाला, "न्या ना. त्यायचाच हाये. पाव्हण्यायले दिसला नाई पायजे म्हणे, म्हणून परवा अथी आणून टाकला!"

कडबा आला, अंगण सारवलं, विहिरीचा रंग फुलांखाली झाकला. बंडीचा रंग काही निघाला नाही. आम्ही तिच्यावर गोणपाट टाकायला निघालो तर मुलीनंच थांबवलं. दुसऱ्या दिवशी फोटोग्राफर आला तेव्हा ती आपणहून त्या पोपटी बंडीत चढली, वडिलांनाही हात देऊन वर घेतलं. अल्बमच्या पहिल्या पानावर तोच फोटो आहे.

*

कंदिलांचं प्रकरण दर्यापूरकडचं. चाळीस कंदील टांगायचे होते. बाजारात नवे मिळतात, पण ते फार चकचकीत दिसतात. जुने वाटावेत म्हणून मी दोन दिवस बसून सगळ्यांच्या काचा काजळीनं धुरकट केल्या. हात काळे, नाक काळं! पण इफेक्ट असा आला की मीच माझ्यावर खूश.

सकाळी झाडांना कंदील टांगून आम्ही नाश्त्याला गेलो. परत येऊन बघते तर झाडाखाली नवरीची आत्या बसलेली. सत्तरीच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या बाई. पुढ्यात राखेची वाटी, हातात फडकं. आणि उजव्या बाजूला अठ्ठावीस लखलखीत काचा!

"आत्या, काय केलंत हे?"

"तू तर काहीच केलं नाई," त्या मान वर न करता म्हणाल्या. "मी अशाच कंदिलापाशी बसून मॅट्रिक झाली. रोज संध्याकाळी पयले काच पुसायची, मंग पुस्तक. काच अशी काळी ठेवत असतात का? पाव्हणे म्हणतील, या घरात बाईच नाई."

 मी त्यांच्या शेजारी मांडी घातली आणि उरलेल्या बारा काचा आम्ही दोघींनी मिळून पुसल्या. त्या मध्येच म्हणाल्या, "आतून पुस. बाहेरून कोणी पण पुसते."

*

बकरीचा किस्सा लहान आहे, पण त्यावर आमचा धंदा वर्षभर चालला.

एका वाडीत लग्न होतं. सलीमभाईंनी बांबूची सुंदर कमान केली आणि लताबाईंनी ती अशोकाच्या, आंब्याच्या पानांनी, शेवंतीनं भरून टाकली. पहाटेपासूनचं काम. आम्ही हात धुवायला गेलो तेवढ्यात गोठ्याचं फाटक कोणीतरी उघडं ठेवलं. पाच बकऱ्या! वर त्यांचं तोंड पोचणार नाही तिथली चार पानं तेवढी राहिली. बाकी नुसता बांबू.

लताबाई मटकन खाली बसल्या. नवी फुलं आणायला अमरावती गाठावी लागली असती आणि वऱ्हाड फाटकात होतं.

इतक्यात नवरदेवाची बहीण उतरली. मुंबईची, डोळ्यांवर काळा चष्मा. कमानीसमोर थांबली, एक पाऊल मागे गेली आणि म्हणाली, "वा! किती मिनिमल!"

तिनं फोटो काढला, इन्स्टाग्रामवर टाकला. पुढच्या महिन्यात तीन पार्ट्यांनी मला तोच फोटो दाखवून विचारलं, "असंच करून देता का?"

लताबाई म्हणाल्या, "देतो ना. फक्त बकरी त्यायची पायजे!"

*

अकोल्याच्या अलीकडे एका शेतातल्या घरी एप्रिलमधलं लग्न होतं. घरामागे मोठं आंब्याचं झाड, त्याच्याखालीच मांडव घालायचा असं मुलाच्या वडिलांचं ठरलेलं. सलीमभाईंनी खांब रोवायला पहार उचलली, वर पाहिलं आणि पहार हळूच खाली ठेवली.

आग्यामोहोळ! सुपाएवढं.

मुलाचे वडील म्हणाले, "धूर करून काढून टाका."

सलीमभाई म्हणाले, "नाई काढत भाऊ. ते आपल्या पयले आलेले हायेत. उन्हायात त्यायनं कुठं जावं?"

"मंग चावले तर?"

"आवाज नाई केला तर काहून चावतील?"

बराच वाद झाला. शेवटी मांडव झाडापासून लांब, विहिरीच्या पलीकडे गेला. डीजे रद्द, बँड रद्द, फटाके रद्द. ड्रोनवाल्याला फाटकातूनच परत पाठवलं. मुलगा रुसला. त्याचे मित्र तर, डीजे नाही तर यायचं कशाला, म्हणून अर्धे आलेच नाहीत. मुलाचे वडील दिवसभर सलीमभाईंशी बोलले नाहीत. मला वाटलं, या घरचं पुढचं काम गेलं.

जेवणं झाली. एरवी जेवण झालं की लोक हात पुसत गाडीकडे पळतात, कारण डीजेपुढे बसवत नाही. इथे कोणी उठेचना. कडुलिंबाच्या सावलीत खुर्च्या ओढून घोळके बसले. कोण कोणाच्या वावरात काय पेरणार, कोणाच्या पोरीचं कुठं जमलं, कोणाचा गुडघा दुखतो, सगळं निघालं. हळू आवाजात बोलायचं होतं म्हणून लोक एकमेकांच्या जवळ सरकून बसले होते.

संध्याकाळी आम्ही सामान आवरत होतो. मुलाचे वडील आले. मी मनाची तयारी केली.

ते सलीमभाईंना म्हणाले, "माह्या मोठ्या पोराच्या लग्नाले चार वर्षं झाली. चार वर्षांत किती कार्यक्रम झाले. पण माह्या व्याह्याचा आवाज कसा हाये, ते मले आज समजलं."

*

डिसेंबरमधल्या एका लग्नात मुलीला फुलंच नको होती. कापूस पाहिजे होता! वडिलांचं कपाशीचं वावर घराला लागूनच. मला कल्पना आवडली. आम्ही फुटलेल्या बोंडांसकट कपाशीची झाडं आणली, स्टेजमागे, पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, खुर्च्यांच्या रांगांच्या कडेला उभी केली. पांढरं शुभ्र! मी इतकं देखणं काम फार वेळा केलेलं नाही.

त्याच वावरात वेचणीला येणाऱ्या वीसेक बायांना आमंत्रण होतं. मुलीनं स्वतः जाऊन बोलावलं होतं. त्या नटूनथटून आल्या आणि अगदी कडेच्या खुर्च्यांवर बसल्या, कपाशीजवळ.

लग्न लागलं. मग भाषणं सुरू झाली. एक पुढारी बोलला, मग दुसरा, मग तिसरा. चाळीस मिनिटं. मी स्टेजजवळ होते. भाषणं संपल्यावर मागे वळून पाहिलं तर कडेची झाडं काळी दिसायला लागली. आधी वाटलं, आभाळाची सावली पडली.

तिथलं एक पण बोंड भरलेलं नव्हतं. बायांनी बसल्या जागी, भाषणाकडे तोंड करून, दोन्ही हातांनी सगळा कापूस वेचला होता! ठेवणीतल्या साड्यांच्या पदरांचे गोळे फुगलेले.

मुलीच्या आईनं मला विचारलं, "आता फोटोत काय येईल?"  मी रागानं त्या बायांकडे गेले.

त्यातली एक वयस्क बाई माझ्याकडे पाहून इतकी ओशाळली की माझा राग तिथेच बसला. पदरातला कापूस तिनं दोन्ही हातांनी पुढे केला. "माय, मुद्दाम नाई केलं वो. आमी भाषण ऐकून राहिलो व्हतो. बोंड दिसलं का हात जातेच. आमाले तं समजलंबी नाई."

दुसरी म्हणाली, "आन् आभाळबी आलं व्हतं. कापूस भिजला असता ना."

नवरीनं हे स्टेजवरून पाहिलं. ती शालू सावरत खाली उतरली, त्या बायांच्या रांगेत जाऊन बसली आणि तिनं पदर पसरला. "टाका," म्हणाली. वीस जणींनी आपापला कापूस तिच्या ओटीत टाकला. तिच्या आईनं घाईघाईनं कुंकू मागवलं.

*

सलीमभाईंनी आयुष्यात किती मांडव घातले असतील, त्यांनाही माहीत नाही. गेल्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या घरी निकाह होता. नसरीनचा, एकुलत्या एका मुलीचा. घरामागच्या मोकळ्या जागेतच.

मी म्हटलं, "सलीमभाई, या वेळी तुम्ही कशाला हात लावायचा नाही. आम्ही करतो."

"साधं ठेवा मॅडम. स्वतःचं हाये म्हणून जास्त केलं, असं नाई वाटलं पायजे."

लताबाईंनी काही ऐकलं नाही. मोगऱ्याच्या एवढ्या माळा आणल्या की गल्लीच्या तोंडापर्यंत वास! त्या मला म्हणाल्या, "त्या पोट्टीच्या बारशाचा पाळणा मीच सजवला व्हता. मले कोणी साधं शिकवू नये."

वरात दारात आली. काझीसाहेब बसले. आणि सलीमभाई कुठे दिसेनात. नसरीनची अम्मी घाबरी होऊन माझ्याकडे आली. "देखो ना बाजी, किधर गए." आम्ही घरात पाहिलं, गल्लीत पाहिलं, गच्चीवर पाहिलं.

मला ते मांडवाच्या अगदी शेवटच्या खांबामागे सापडले. नवी शेरवानी घातलेली, आणि दोन्ही हातांनी एक सुतळीची गाठ आवळत होते.

"सलीमभाई, ही गाठ तुम्ही सकाळीच मारली. मी पाहिलं."

"मालूम हाये मॅडम."

"पक्की आहे ती."

"मालूम हाये."

"मग?"

ते गाठीकडेच बघत राहिले. "बेटी के बाप का हाथ खाली नहीं रहना चाहिए. खाली रहा तो आँख पे जाता है."

माझ्या मागे लताबाई येऊन उभ्या होत्या. आता या काहीतरी बोलणार, म्हणून मी त्यांच्याकडे वळले. त्यांनी पिशवीत हात घातला, सुतळीचा एक हातभर तुकडा काढला आणि सलीमभाईंच्या हातात दिला.

*

आता कौंडण्यपूरच्या बाजूचं, नदीकाठच्या गावातलं लग्न सांगते. मुलीचं नाव प्रणाली. तिच्या वडिलांनी, वसंतभाऊंनी, मला पहिल्याच भेटीत मागचं अंगण दाखवलं. अंगण मोठं, पण बरोब्बर मधोमध पुरुषभर उंचीपेक्षा थोडी जास्त विटांची भिंत. प्लास्टर नाही, काही नाही.

"बाकी तुमच्या मनानं करा," ते म्हणाले. "ही भिंत तेवढी दिसली नाई पायजे."

पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ मधुकर राहत होता. अकरा वर्षं झाली, दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. कशावरून बिनसलं ते कोणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारत नसतो.

प्रणालीनं मात्र एकदा, फुलांचे रंग ठरवता ठरवता, सांगितलं. "काकानंच मला सायकल शिकवली. याच अंगणात. तेव्हा हे पूर्ण होतं."

"त्यांना पत्रिका दिली?"

"बाबांना एकदा विचारलं. ते भरल्या ताटावरून उठले. मग नाही विचारलं."

आम्ही भिंतीला बांबूचे तट्टे लावले, वर आंब्याच्या पानांचं तोरण, मध्ये झेंडूचे पट्टे. स्टेज भिंतीला लागूनच केलं. लग्नाच्या दिवशी विटेचा एक तुकडा दिसत नव्हता. वसंतभाऊ येऊन समोर उभे राहिले, बराच वेळ पाहिलं, आणि "ठीक हाये" म्हणून गेले.

दुपारी बाराचा मुहूर्त. सगळे जमले होते. नवरदेव पाटावर उभा राहायला निघाला आणि वरच्या तोरणाचं एक टोक सुटलं. सलीमभाईंनी शिडी लावली, वर चढले आणि तिथंच थांबले.

"काय झालं?"

"मॅडम," ते अगदी हळू म्हणाले, "जरा वरती या तं."

ते उतरले, मी चढले. भिंतीपलीकडे दुसरं अर्धं अंगण. झाडून, सडा घालून ठेवलेलं. त्यात दोन खुर्च्या. दोन्ही भिंतीकडे तोंड करून, भिंतीपासून चार हातांवर. एका खुर्चीवर पांढरे कडक कपडे आणि गुलाबी फेटा घातलेला माणूस. दुसरीवर जरीची साडी नेसलेली बाई, तिच्या मांडीवर स्टीलची ताटली, ताटलीत पिवळ्या अक्षता. समोर नुसत्या विटा. त्या विटांकडे दोघं असे पाहत होते, जसे आपण स्टेजकडे पाहतो.

माणसानं मान वर केली. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी शिडी घट्ट धरली.

"लावा, लावा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "तुमचं काम चालू द्या."

मी तोरणाचं टोक बांधायला घेतलं. 

"नवरदेव आला का?" त्यांनी विचारलं.

"आला."

"उंच हाये?"

"आहे."

ते बायकोकडे वळले. "उंच हाये म्हणते."

मी उतरले. सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आम्ही कोणाला काही सांगितलं नाही. शिडी बाजूला ठेवली.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. पहिलं कडवं संपलं, 'सावधान' झालं, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. आणि मागून, तट्ट्याच्या वरून, मूठभर अक्षता येऊन प्रणालीच्या डोक्यावर पडल्या.

मांडवात कोणाच्या लक्षात आलं नाही. गर्दीत अक्षता कुठूनही येतात. दुसऱ्या कडव्याला पुन्हा आल्या. या वेळी काही दाणे वसंतभाऊंच्या खांद्यावर पडले. त्यांनी खांद्याकडे पाहिलं. मग वर, तोरणाकडे पाहिलं.

प्रणालीनं मान खालीच ठेवली होती. पण ती अर्धं पाऊल भिंतीकडे सरकली होती.

तिसरं कडवं. पुन्हा एक मूठ. वसंतभाऊंनी या वेळी अक्षता टाकल्याच नाहीत. त्यांची मूठ तशीच मिटलेली राहिली. लग्न लावणारे महाराज कडवी म्हणत राहिले, लोक अक्षता टाकत राहिले. चौथं कडवं संपलं. मागून अक्षता आल्या. वसंतभाऊंची मूठ अजून मिटलेलीच.

पाचव्या कडव्याचं 'सावधान' झालं. वसंतभाऊंनी नवरा-नवरीकडे पाठ केली, हात उंच नेला आणि मुठीतल्या सगळ्या अक्षता भिंतीपलीकडे टाकल्या.